इंग्रजीचा मास्तर घडतो कसा ?

मराठी शाळेंत पोर घालणाऱ्या शेतकऱ्याच्या व कारागिराच्या घरांत आज एक काळजी सर्वत्र ऐकूं येते. "आमच्या पोराला इंग्रजी येईल काय ?" पैसेवाला मनुष्य ही काळजी पैशानें मिटवितो. तो पोराला इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत घालतो, वर शिकवणी लावतो. ज्याचें पोट पावसावर, भात्यावर, मागावर किंवा चाकावर चालतें, त्याला तो मार्ग खुला नाहीं. त्याच्या पोराचें इंग्रजी म्हणजे गांवच्या शाळेंतल्या मास्तरांचें किंवा बाईंचें इंग्रजी. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार ? यास्तव हा मास्तर कसा घडतो, काय शिकून येतो आणि शिकतांना कोठें अडतो, हा प्रश्न ट्रेनिंग कॉलेजच्या चार भिंतींतला नसून तुमच्या आमच्या चुलीजवळचा आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतांत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें इंग्रजीचा आरंभ आठवीवर नेला. पुढें तो पांचवीवर आला. २००० सालीं महाराष्ट्र सरकारनें सर्व मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू केलें. बहुजनांच्या पोरांना इंग्रजी लवकर मिळावें हा हेतु चांगला होता, आणि आम्ही त्याचें स्वागतच करतों. परंतु ज्या गुरुजींनीं स्वतः मुळाक्षरें पांचवींत गिरविलीं, त्यांनाच पहिलीच्या पोरांपुढें इंग्रजी घेऊन उभें राहावें लागलें. हुकूम एका दिवसांत निघतो. मास्तर एका दिवसांत निघत नाहीं.

हायस्कुलांत इंग्रजी शिकवूं इच्छिणारा तरुण बहुधा इंग्रजी वाङ्मय घेऊन बी. ए. होतो व मग बी. एड्. करतो. पूर्वीं एका वर्षाचें असलेलें बी. एड्. २०१५ पासून दोन वर्षांचें झालें आहे. ह्या वर्गांत आज आमच्याच घरचीं मुलें-मुली बसतात, ही आनंदाची गोष्ट होय. शेतमजुराची मुलगी, सुताराचा मुलगा, घरांतला पहिलाच पदवीधर. पण त्यांच्यापुढें पहिल्याच वर्षीं शेक्सपीअर, मिल्टन, वर्ड्स्वर्थ व डिकन्स येऊन बसतात. ज्याला इंग्रजींत एक साधा अर्ज दुसऱ्याच्या मदतीवांचून लिहितां येत नाहीं, त्याला चारशें वर्षांपूर्वींचें नाटक समजून घ्यावें लागतें. शिडी न देतां माळ्यावर चढावयास सांगावें, तसा हा प्रकार आहे. चढतां आलें नाहीं म्हणजे दोष मुलाच्या माथीं. "ह्यांच्या घरांत वाचन नाहीं, ह्यांना वाङ्मयाची रुचि कोठून असणार ?" असें म्हणून मोठे लोक हात झटकतात.

आम्हांस हें म्हणणें मुळींच मान्य नाहीं. ह्या मुलांची अडचण कोठें आहे तें नीट पाहिलें, तर दिसून येतें कीं, पुष्कळ ठिकाणीं त्यांच्या हातांत किल्ली असते, परंतु ती किल्ली आहे हें त्यांना कोणी सांगत नाहीं.

पहिलें उदाहरण वाक्यरचनेचें. मिल्टनचें 'पॅरडाइज लॉस्ट' हें महाकाव्य १६६७ सालीं छापलें गेलें. त्याचें पहिलेंच वाक्य सोळा ओळींचें असून त्यांतलें मुख्य क्रियापद सहाव्या ओळींत येतें. शाळेंत पोराला पढविलेलें असतें कीं, इंग्रजींत आधीं कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. तो क्रियापद शोधत पांच ओळी भटकतो आणि दमून गाईड उघडतो. वास्तविक मराठी माणसाला क्रियापदाची वाट पाहाण्याची संवय जन्मापासून आहे, कारण आपलें क्रियापद वाक्याच्या शेवटींच बसतें. "बाबा रे, हें वाक्य आपल्यासारखेंच उशिरां उलगडतें, धीर धर," एवढें जरी प्राध्यापकांनीं सांगितलें, तरी निम्मी भीति पळून जाईल.

दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. शेक्सपीअरच्या 'किंग लिअर' ह्या नाटकाचा प्रयोग १६०६ सालीं इंग्लंडच्या राजापुढें झाला. त्याची कथा काय ? म्हातारा राजा जिवंतपणींच आपल्या राज्याची मुलींमध्यें वाटणी करतो. ज्या दोघी गोड बोलतात त्यांना सर्व देतो, जी खरें बोलते तिला हांकून लावतो, आणि शेवटीं स्वतःच पावसावादळांत उघड्यावर पडतो. वाचकहो, ही कथा समजावयास विलायतेस जावें लागतें काय ? सातबाऱ्यावर पोरांचीं नांवें चढवून मग ओसरीवर भाकरीची वाट पाहात बसलेला म्हातारा आपल्या प्रत्येक गांवांत आहे. वि. वा. शिरवाडकरांनीं १९७० सालीं रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राटां'त हाच धागा मराठी घरांत आणून गुंफिला, तेव्हां थिएटरांतला प्रेक्षक त्यासाठीं इंग्रजी शिकून आला नव्हता.

ह्याच नाटकाच्या आरंभीं केंट नांवाचा इमानी सरदार, राजा अन्याय करतो आहे असें पाहून, त्याला भर दरबारांत 'थाउ' म्हणतो. गाईडमध्यें लिहिलेलें असतें, 'थाउ' म्हणजे 'यू'. संपलें ! मुलगा तें पाठ करतो आणि त्या प्रसंगांतली आग त्याच्या हातांतून निसटते. 'थाउ' म्हणजे 'तूं'. चाकर धन्याला, तोहि राजा असतां, 'तूं' म्हणतो आहे ! आजच्या इंग्रज मुलाला हा भेद पुस्तकांतून शिकावा लागतो, कारण त्याच्या रोजच्या बोलण्यांत एकच 'यू' उरला आहे. आमच्या पोराला तूं, तुम्ही आणि आपण यांतला फरक जेवणाच्या ताटाइतका ओळखीचा आहे. कोण कोणाला 'तूं' म्हणूं शकतो आणि कोणाला म्हणूं शकत नाहीं, हें तर आमच्या समाजानें पिढ्यान् पिढ्या सोसून जाणलें आहे. म्हणजे ह्या एका बाबतींत आमचा विद्यार्थी मागें नसून पुढें आहे. पण वर्गांत मराठी शब्द उच्चारणें कमीपणाचें मानल्यामुळें तो पुढें असल्याचें त्यालाच कळत नाहीं.

तिसरी अडचण ऋतूंची. शेक्सपीअरच्या एका प्रसिद्ध सुनीतांत प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्याच्या दिवसाशीं केली आहे. मराठवाड्याच्या किंवा विदर्भाच्या पोरास उन्हाळ्याचा दिवस म्हणजे आटलेली विहीर, पाण्याचा टँकर आणि भाजलेली जमीन. प्रिय माणसाला उन्हाळा म्हणावें ही त्याला थट्टा वाटते. त्याला कोणी सांगावयास हवें कीं, कवीचें गांव बावन्न अंशांच्या आसपास उत्तरेस आहे. तेथें वर्षाचे कित्येक महिने थंडी व अंधुक उजेड असतो. जूनमध्यें दिवस सोळा तासांहून मोठा होतो आणि ऊन कोंवळें असतें. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर जी हिरवी तरतरी येते, तशी त्यांना त्या दिवसांत येते. तीच गोष्ट शेले कवीच्या पश्चिमेच्या वाऱ्याची. आपल्याकडे पश्चिमेकडून येणारा वारा मृगाचा पाऊस घेऊन येतो. त्याच्या कवितेंतला वारा हिंवाळ्याच्या तोंडाशीं सुकलेलीं पानें उधळीत येतो. नकाशा आणि पंचांग शेजारीं ठेवून ह्या कविता शिकविल्या, तर शेतकऱ्याचा मुलगा वर्गांत सर्वांत हुशार ठरेल. कारण वारा, ढग व हंगाम यांचें ज्ञान त्याला घरींच मिळालेलें असतें.

चौथी अडचण कवितेच्या ठेक्याची. मराठी कविता ऱ्हस्व-दीर्घाच्या किंवा अक्षरांच्या मापानें चालते. इंग्रजी कविता शब्दांतल्या आघातावर चालते. 'प्रेझेंट' ह्या एकाच शब्दांत आघात पहिल्या भागावर दिला तर 'भेटवस्तु' हा अर्थ होतो, दुसऱ्यावर दिला तर 'सादर करणें' असा. हा आघात कानानें शिकावयाचा आहे, परंतु आमचे विद्यार्थी तो पेन्सिलीनें शिकतात. ओळींवर खुणा कोठें करावयाच्या तें ते पाठ करतात. ओळ मोठ्यानें एकदांहि म्हणत नाहींत. जात्यावरची ओवी कधीं कागदावर खुणा करून कोणी शिकली आहे काय ? ज्यांच्या घरांत भजनाचा ठेका आणि ढोलकीची थाप आहे, त्यांना आघात ऐकवा, हातानें ताल धरावयास लावा; ते आठवड्यांत शिकतील. वर्गांत तोंड उघडूं द्यावयाचें नाहीं आणि मग "यांचे उच्चार वाईट" म्हणावयाचें, हा न्याय नव्हे.

पांचवी व सर्वांत मोठी अडचण परीक्षेची. ही अडचण समजण्यास एका इंग्रजी कादंबरीचाच आधार घेऊं. चार्ल्स डिकन्सनें १८५४ सालीं 'हार्ड टाइम्स' ही कादंबरी लिहिली. तिच्या आरंभींच एक वर्ग आहे. त्यांत मुलांना नांवानें नव्हे, नंबरानें हांक मारतात. एका मुलीला घोड्याची व्याख्या विचारतात. तिचा बाप सर्कशींत घोडे वळविणारा, तिचें सारें आयुष्य घोड्यांच्या संगतींत गेलेलें. पण व्याख्या तिला सांगतां येत नाहीं. तेव्हां दुसरा एक मुलगा उठून घोड्याचे पाय, दांत, खूर यांची यादी घडाघडा म्हणून दाखवितो, आणि मग त्या मुलीला सांगण्यांत येतें कीं, आतां तुला घोडा म्हणजे काय तें कळलें !

आमच्या वाङ्मयाच्या परीक्षांचें हें हुबेहूब चित्र आहे. लिअरचा स्वभाव लिहा, कवितेचा सारांश लिहा, अमुक कवीचीं वैशिष्ट्यें लिहा. प्रश्न ठरलेले, उत्तरें ठरलेलीं. मूळ पुस्तक उघडून न पाहतांहि विद्यार्थी अपेक्षित प्रश्नसंचावर पास होतो, कधीं पहिल्या वर्गांत पास होतो. ज्या मुलीच्या बापाची वाटणी घरांत डोळ्यांदेखत झाली, तिला लिअरविषयीं काय वाटलें, हें तिला कोणी विचारीत नाहीं. डिकन्सनें ज्या शिक्षणपद्धतीची थट्टा केली, त्याच पद्धतीनें खुद्द डिकन्स शिकविला जातो. याहून मोठी विसंगति कोणती?

आणि असा पास झालेला विद्यार्थी बी. एड्. ला येतो. तेथें काय होतें ? तेथें मानसशास्त्र आहे, अध्यापनाच्या पद्धति आहेत, सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ व आंतरवासिता आहे. हें सर्व आवश्यक आहे. त्याची आम्ही निंदा करीत नाहीं. परंतु कॉलेजचे लोक म्हणतात कीं, शिकवावें कसें तें बी. एड्. मध्यें शिकतील; आणि बी. एड्. चे लोक गृहीत धरतात कीं, काय शिकवावयाचें तें कॉलेजांत शिकून आले असतील. दोघांच्या मध्यें मुलगा कोरडाच राहातो. मग पाठाच्या टाचणांत 'विद्यार्थी कवितेचा रसास्वाद घेतात' असें उद्दिष्ट सुंदर अक्षरांत लिहिलेलें असतें, आणि लिहिणाऱ्यानें स्वतः ती कविता आयुष्यांत कधीं आनंदानें वाचलेली नसते. ज्याची स्वतःची भाकर कच्ची, तो पंगतीला काय वाढणार ?

यावर कांहीं शहाणे म्हणतात, "मास्तरांना वाङ्मय हवें कशाला ? चार वाक्यें बोलतां आलीं म्हणजे झालें." हा सल्ला वरून सोयीचा दिसतो, पण आंतून घातक आहे. बोलतां आलें पाहिजे ह्यांत वाद नाहीं. परंतु इंग्रजी म्हणजे केवळ साहेबाला 'येस सर' म्हणण्याची, गिऱ्हाइकाला 'काय हवें' विचारण्याची भाषा, एवढेंच जर आमच्या पोरांच्या वांट्याला आलें, तर श्रीमंतांचीं पोरें पुस्तकें वाचून हुकूम सोडतील आणि आमचीं पोरें ते हुकूम चांगल्या उच्चारांत ऐकून घेतील. जोतीराव फुल्यांनीं १८४७ च्या सुमारास टॉमस पेन याचें मनुष्याच्या हक्कांवरील पुस्तक इंग्रजींतून वाचलें, तें नोकरी मागण्यासाठीं नव्हे. सावित्रीबाईंनीं १८५४ सालच्या 'काव्यफुले' ह्या संग्रहांत इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला, तो गुलामगिरीच्या बेड्या तुटाव्यात म्हणून. वाचतां येणें, वाचलेल्यावर विचार करतां येणें, आणि तो विचार आपल्या शब्दांत मांडतां येणें, ही भाषेची खरी कमाई आहे. ती वाङ्मयावांचून मिळत नाहीं.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्रजी वाङ्मय म्हणजे साहेबांचें, बड्या लोकांचें वाङ्मय, असें आमच्या मुलांना वाटतें. म्हणून तें उघडतांना तीं परक्याच्या वाड्यांत शिरल्यासारखीं दबकतात. खरी हकीकत निराळी आहे. शेक्सपीअरचा बाप चामड्याचे हातमोजे करणारा कारागीर होता. बन्यन हा भांडीं सांधीत गांवोगांव फिरणारा. बेन जॉन्सननें विटांचें काम केलेलें. कीट्सचा बाप घोड्यांचा तबेला सांभाळणारा. रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडांतल्या शेतकऱ्याचा मुलगा. नांगरतांना फाळानें एका उंदराचें घर उद्ध्वस्त झालें, त्यावर त्यानें १७८५ सालीं लिहिलेली कविता जगभर वाचली जाते. जॉन क्लेअर शेतमजूर होता, आणि गांवचीं गायरानें कुंपणें घालून जमीनदारांनीं बळकाविलीं, त्याचें दुःख त्यानें कवितेंत मांडलें. टॉमस हार्डीच्या १८९५ सालच्या कादंबरींतला ज्यूड हा पाथरवट असून स्वतःच्या हिंमतीवर लॅटिन-ग्रीक शिकतो. विद्यापीठांत प्रवेश मागतो तेव्हां त्याला उत्तर मिळतें कीं, तूं आपला धंदाच सांभाळ. हें उत्तर आमच्या वाडवडिलांना किती वेळां व किती भाषांतून मिळालें, तें आम्हीं सांगावयास नको.

दुसरी गोष्टहि ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ऑक्सफर्डनें आपल्या येथें इंग्रजी वाङ्मयाची स्वतंत्र परीक्षा १८९४ नंतर सुरू केली. त्यापूर्वीं तें वाङ्मय हिंदुस्थानांतल्या कॉलेजांत शिकविलें जात होतें, आणि खुद्द इंग्लंडांत तें १८५४ सालीं लंडनमध्यें निघालेल्या कामकऱ्यांच्या कॉलेजासारख्या संस्थांतून शिकविलें जात होतें. हिंदुस्थानांत तें आणतांना राज्यकर्त्यांचा हेतु आपलें वजन बसविण्याचा होता, हें खरें. पण ज्या वाङ्मयाच्या दारांत कामकरी हा पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं एक होता, त्या दारांत आमच्या मुलानें जोडे हातांत घेऊन उभें राहाण्याचें कारण नाहीं.

असो. रोग सांगितला, आतां उपाय सांगणें आमचें कर्तव्य आहे.

विद्यापीठांस आमचें सांगणें असें. पदवीच्या पहिल्या वर्षीं जुनें अवघड वाङ्मय एकदम माथीं मारूं नका. प्रथम सोपें, आजचें गद्य भरपूर वाचून घ्या. आर. के. नारायण यांचें 'स्वामी अँड फ्रेंड्स' व मुल्कराज आनंद यांचें 'अन्टचेबल' हीं दोन्ही १९३५ सालचीं पुस्तकें, किंवा आपल्याच खंडोबाच्या जेजुरीवर अरुण कोलटकरांनीं इंग्रजींत लिहिलेला १९७६ सालचा 'जेजुरी' हा संग्रह, यांतलें जग मुलाच्या ओळखीचें आहे. ओळखीच्या जगांतून भाषा शिकली म्हणजे अनोळखी जगांत जाण्याचें बळ येतें. शेक्सपीअर काढून टाका असें आम्ही म्हणत नाहीं; तो पायरीपायरीनें आणा.

प्राध्यापकांस विनंती अशी कीं, वर्गांत मराठीची लाज धरूं नका. सबंध धडा मराठींत सांगून मोकळें होणें हा आळस आहे. परंतु एखाद्या 'तूं'नें जें कळतें, त्यासाठीं मराठीचा उपयोग करणें हें शहाणपण आहे. रोज दहा मिनिटें विद्यार्थ्यांकडून मोठ्यानें वाचून घ्या. चुकला तर हंसूं नका आणि इतरांस हंसूं देऊं नका.

परीक्षा घेणाऱ्यांस सांगणें असें कीं, निम्मे गुण तरी न वाचलेल्या उताऱ्यावर ठेवा. न पाहिलेली कविता पुढें ठेवून "तुला यांत काय दिसतें तें कारणांसह लिही" असें विचारा. त्या दिवशीं गाईडचा धंदा आपोआप बसेल. आणि बी. एड्. च्या संस्थांनीं, जी कविता मुलांना शिकवावयाची ती आधीं भावी शिक्षकांबरोबर बसून वाचावी. टाचण मागाहून लिहावें.

आतां घरच्या मंडळींस दोन शब्द. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. ह्या समितीची सभा म्हणजे सही किंवा अंगठा करून चहा पिऊन येण्याची जागा नव्हे. तेथें विचारा : इंग्रजीचे शिक्षक मुलांकडून मोठ्यानें वाचून घेतात काय ? शाळेच्या कपाटांत इंग्रजी गोष्टींचीं पुस्तकें किती, आणि त्या कपाटाची किल्ली कोणाजवळ ? शिक्षकांना वाचनाचें शिक्षण मिळावें म्हणून शाळेनें वरिष्ठांस काय लिहिलें ? हें विचारावयास इंग्रजी यावें लागत नाहीं. विचारतांना मात्र मास्तरांचा अपमान होतां कामा नये. तेहि आपल्यासारख्याच घरांतून, त्याच खडतर वाटेनें आलेले आहेत. त्यांना दोष देण्यापेक्षां त्यांचे हात बळकट करणें आपल्या हिताचें आहे.

आणि ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी ह्या अभ्यासाला बसली आहे, त्या घरानें तिला रोज एक तास शांततेचा द्यावा. मुलगी मोठ्यानें इंग्रजी वाचूं लागली तर "काय बडबडतेस" म्हणून तिला गप्प करूं नये. उलट विचारावें, "बाई, काय गोष्ट आहे ती आम्हांला सांग." लिअरच्या वाटणीची गोष्ट तिनें आपल्या आजोबांना मराठींत नीट समजावून सांगितली, तर तिचा निम्मा अभ्यास झाला असें समजावें. उरलेला निम्मा शब्दकोशाच्या मदतीनें होईल.

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मागणी केली होती कीं, गांवचे शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतले असावेत. प्रसंगीं नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्यास ज्यांना लाज वाटणार नाहीं असे असावेत. कर्मवीर भाऊरावांनीं १९३५ सालीं साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांसाठीं ट्रेनिंग कॉलेज काढलें, तें असेच शिक्षक घडावेत म्हणून. ती मागणी आज पुष्कळ अंशीं पुरी होत आली आहे. शेतकऱ्यांचीं व कारागिरांचीं मुलें शिक्षक होत आहेत. रुमणें धरण्याची लाज त्यांना नाहीं. आतां शेक्सपीअर हातांत धरण्याची भीति त्यांना उरूं नये, एवढें काम राहिलें आहे. तें विद्यापीठांनीं, ट्रेनिंग कॉलेजांनीं व आपण पालकांनीं मिळून करावें. मास्तर निर्भयपणें वाचूं लागला, म्हणजे त्याच्यापुढें बसलेलीं साठ पोरें निर्भयपणें वाचूं लागतात. आणि निर्भयपणें वाचणारें पोर पुढें कोणाच्या दारांत मान खालीं घालून उभें राहात नाहीं.